कंबर सुनीताने मोडली नव्हती

सुरुवातीलाच लिहून टाकते. मला मणक्याचा टीबी झाला होता. मी रिंगमध्ये पडले नव्हते, पाठीत खुर्ची बसली नव्हती, मणक्यातली गादी सरकली नव्हती, दृष्ट लागली नव्हती. टीबी. हा शब्द आमच्या घरात पाच महिने कुणी मोठ्याने उच्चारला नाही, म्हणून तो पहिल्याच परिच्छेदात दोनदा लिहायला मला बरं वाटतंय.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि दुसरी भाषा हिंदी. मराठी मला आली ती आईच्या बोलण्यातून आणि बाबांच्या नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रातून. पण हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या ज्या बायकांना असं काहीतरी वाचायला हवं होतं, त्यांच्यातल्या एकीलाही इंग्रजी येत नव्हतं. तेव्हा मराठीत.

यात धीर मिळणार नाही. आजारपणात ज्यांनी ज्यांनी मला धीर दिला, त्यांच्यापैकी बहुतेकांशी मी आता बोलत नाही.

*

मी व्यावसायिक कुस्तीगीर होते. मातीतली कुस्ती नाही, जिथे कोण जिंकणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. आमची दोरांच्या चौकोनातली, लाऊडस्पीकरवाली, निकाल सकाळीच ठरवलेला असायचा.

मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटच्या स्टेडियमवर मी ज्यूदो शिकले. त्यातून सरकारी नोकरी लागेल असं बाबांना वाटायचं. बाबा स्वतः कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या जगात गोष्टी दोनच प्रकारच्या, नोकरी लागते त्या आणि लागत नाही त्या. ज्यूदो दुसऱ्या प्रकारात निघाला. मग एक दिवस स्टेडियमवर एक माणूस आला. त्याची कुस्तीची कंपनी होती. दसऱ्याची मैदानं, जत्रा आणि दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी मंडई, अशा ठिकाणी तो रिंग लावायचा. त्याला सगळे बॉस म्हणायचे. त्याने मला विचारलं, "कहाँ की हो? बालाघाट? मतलब जंगल. मतलब टायगर." एवढीच त्याची कल्पनाशक्ती होती आणि तिच्यावर अठरा माणसं पोट भरायची.

कुस्ती मला जमली, पण माईकवर बोलता येईना. तीनदा उभं केलं, तिन्ही वेळा घसा बंद. चौथ्या वेळी बॉस म्हणाला, "ठीक है, तू गूँगी." अशी मी मुकी वाघीण झाले. माझ्या वतीने एक माणूस ओरडायचा आणि मी फक्त रोखून बघायचं. लाजाळूपणाचा एवढा उपयोग होतो हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं मी लोकांकडे रोखून बघितलं. मैदानातली गर्दी वरून कशी दिसते सांगू? तोंडं उघडी, हातात मोबाईल, आणि एखादी बाई खरंच पडावी अशी मनापासूनची इच्छा.

या धंद्याचा एक नियम आहे. रिंगमध्ये जे झालं ते बाहेरही खरं ठेवायचं. हात मोडला असं दाखवलं, तर महिनाभर चहाच्या टपरीवरही हात गळ्यात बांधून उभं राहायचं. कुणी मोबाईलवर धडधाकट चालताना टिपलं की बॉसच्या शिव्या.

आणि दुसरा नियम, जो बॉसचा नव्हता, आमचा आपसातला होता. खाली पडलेलं असताना समोरची तुमचा हात हळूच दाबते. तुम्ही एकदा दाबलंत तर सगळं ठीक. दोनदा दाबलंत तर खरंच लागलंय. चार वर्षांत मी कधी दोनदा दाबलं नव्हतं.

*

आजारी पडले त्या वर्षी बॉसने गोष्ट ठरवली. सुनीता माझ्या पाठीत खुर्ची घालणार, माझी कंबर मोडणार, आणि दीड महिन्यानंतर मी बदला घेणार. सुनीता छिंदवाड्याची, कंपनीतली सगळ्यात मोठी खलनायिका. रिंगबाहेर ती माझ्या वाटणीची भाजीसुद्धा स्वतःहून गरम करून आणायची. खुर्ची पत्र्याची आणि पातळ होती. आवाज मोठा झाला, लागलं काहीच नाही.

मग कंबरेला पट्टा लावून मी दीड महिना लंगडले. बालाघाटलाही तशीच आले. बसस्टँडपासून घरापर्यंत लंगडत, बाबांच्या ओळखीच्यांचे "क्या हुआ बेटा" झेलत. घरात शिरल्या शिरल्या पट्टा काढून कोपऱ्यात टाकला.

"आई, घाबरू नको. काही झालेलं नाही. सगळं खोटं आहे."

"हौ का? मंग बाजारातून लंगडत काहून आली? मी पायलं ना गच्चीवरून."

"काम आहे ते माझं."

"असं कसं वं काम तुझं? धडधाकट पोरीनं लंगडाचं?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. खुर्ची कशी पातळ असते, पडताना तळहात कसा आपटायचा, तोंड कसं वाकडं करायचं. तिने दोनदा करून बघायला लावलं. मी कळवळून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "बापा, एकदम खरं वाट्टे."

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. मी माझ्याच आईला माझ्यावर विश्वास न ठेवायचं शिकवलं, तेही प्रात्यक्षिकासह.

*

खरं दुखणं त्याच दीड महिन्यात सुरू झालं. पाठीच्या मधोमध, जिथे खुर्चीचा आवाज झाला होता त्याच्या वितभर वर. संध्याकाळी बारीक ताप यायचा. भूक गेली. कपडे सैल झाले.

बॉसला सांगितलं तर तो खूश. "बढ़िया! चेहरे पे असली दर्द दिख रहा है." वजन उतरत होतं त्याचंही त्याला कौतुक. "कट निकल रहे हैं तेरे." माझी हाडं दिसायला लागली होती आणि तो माणूस त्यांना व्यायाम समजत होता.

आईला सांगितलं तर तिने माझ्याकडे बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, "आता घरात तरी नाटक नोको करू."

बालाघाटातल्या एका डॉक्टरने मला तपासायला पाठ उघडीसुद्धा करायला लावली नाही. पट्टा पाहिला, पोस्टरवरची मी त्याला ओळखीची होती, म्हणाला, "पहलवान हो, चोट तो लगेगी." दुखणं मारायच्या गोळ्या दिल्या आणि सोबत फोटो काढून घेतला. फोटोत मी रोखून बघते आहे. सवय.

बाकीच्यांचं सोडा. मी काय करत होते? मला वाटत होतं की मी इतका चांगला अभिनय केला की अंगानेही तो खरा मानला. हे मी मनात या शब्दांत म्हटलं होतं. ताप असलेल्या माणसाला स्वतःचं किती कौतुक वाटू शकतं, त्याचा हा नमुना. खोट्या कंबरेचा पट्टा मी खऱ्या दुखण्यावर घट्ट आवळून बांधला आणि बदला घ्यायला निघाले.

*

बदल्याचा सामना वारासिवनीला होता, दुपारचा. त्या सकाळी पाय जड वाटत होते, ओल्या पोत्यासारखे. पायऱ्या चढताना डावा पाय वर येतोय का हे बघून घ्यावं लागत होतं.

सामन्याच्या मध्यावर सुनीताने मला उचलून टाकलं. ठरल्याप्रमाणे मी उठायचं होतं. मी पायांना उठायला सांगितलं आणि पायांनी ते ऐकलं नाही. दुखलं नाही. काहीच झालं नाही, आणि तेच भयंकर होतं. कंबरेखाली मी संपले होते.

सुनीताने हात दाबला. मी दोनदा दाबला.

ती माझ्या केसांना धरून खाली वाकली, लोकांना वाटावं धमकावते आहे. "क्या हुआ?"

"पैर नहीं हैं," मी म्हणाले. मुकी वाघीण बोलली आणि हजार माणसांत कुणाला कळलं नाही.

मग तिची नजर खाली गेली. माझी लघवी झाली होती आणि ते मला कळलंही नव्हतं. सुनीता एक क्षण थांबली. मग ती दोराजवळ गेली, पाण्याची मोठी बाटली उचलली आणि खदाखदा हसत माझ्या कंबरेपासून खाली सगळी ओतली. गर्दी चवताळली. तिला आईवरून शिव्या दिल्या, चपला फेकल्या. ती हसतच राहिली, बाटली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करत. आता ओलं सगळंच होतं.

या पूर्ण हकिकतीत ज्यांच्याबद्दल मला एकही वाईट शब्द लिहायचा नाही अशी तीन माणसं आहेत. त्यातली ही पहिली.

कंपनीकडे एक स्ट्रेचर होतं, नाटकासाठी ठेवलेलं. त्याच्यावरून मला नेलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पडद्यामागे स्ट्रेचर जमिनीवर ठेवलं आणि बॉस म्हणाला, "क्या सीन दिया! चल, उतर अब."

मी उतरले नाही.

"बस हो गया, उतर. कैमरा बंद है."

सुनीता त्याच्यावर ओरडली आणि माझ्याच फोनवरून बाबांना फोन लावला.

*

बाबा शेजाऱ्यांची गाडी घेऊन आले. गोंदियात तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे एका मोठ्या दवाखान्यात आधी यंत्राच्या नळकांड्यात घातलं, मग पाठीत सुई घालून तुकडा काढला. चौथ्या दिवशी एक दमलेली डॉक्टर हातात कागद घेऊन आली. वय माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी जास्त.

"मणक्याचा टीबी आहे. पू साचलाय, त्याचा मज्जारज्जूवर दाब आलाय. ऑपरेशन करून तो काढू. मग गोळ्या, वर्ष-दीड वर्ष."

बाबांनी विचारलं, "कॅन्सर नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

मी विचारलं, "मी चालेन?"

ती म्हणाली, "माहीत नाही. बरेच जण चालतात. तुमचं आत्ता सांगता येत नाही."

ही दुसरी. तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. माहीत नाही असं म्हणणारी ही पहिलीच भेटली.

डॉक्टर गेल्यावर आईने खाटेभोवतीचा पडदा ओढला.

"कोणाले सांगजो नोको."

"काय सांगू नको?"

"हेच. टी... ते. लग्न व्हाचं हाय तुझं. इचारलं त सांगू, कुस्तीत पडली म्हणून. सगळ्याईनं पायलंच हाय ना मोबाईलवर."

मला हसू आलं. हसल्यावर पाठीत कळ गेली म्हणून थांबले. महिनाभर मी खरं सांगत होते तेव्हा ते नाटक होतं. आता नाटक हीच घरची अधिकृत हकिकत झाली. आईने फोनवरून परसवाड्याच्या मावशीला खुर्चीचं वर्णन केलं, तेव्हा मी न सांगितलेले तपशील त्यात होते.

*

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलेली होते.

वॉर्डात सकाळी साडेपाचला दिवा लागतो. मग थर्मामीटर, मग कुशीवर वळवणं, मग रिकाम्या पोटी गोळ्यांची मूठ. गोळ्यांनंतर तासभर पोटात ढवळतं, आणि नेमक्या त्याच तासाला सांबाराचा वास येतो. पहिल्या दिवशी पिशवीत लघवी लालभडक दिसली आणि मी किंचाळले. हो, मीच.

शेजारच्या खाटेवर रामपायलीच्या काकू होत्या. त्यांनाही हाच आजार, माझ्यापेक्षा तीन महिने जुना. त्या उशीवरूनच म्हणाल्या, "अवं, ते गोळीचं पाणी हाय. मले बी पयले वाटलं, जीवच चालला आता. घाबरू नोको. नागपुरात आली ना तू, मंग संत्र्याचा रस नको का निघाले?"

ही तिसरी.

काकूंकडे पाहुणे यायचे आणि पाच मिनिटांत जायचे. माझ्याकडे यायचे आणि उठायचेच नाहीत. खाटेच्या पायथ्याशी, माझ्या पायांवरच बसायचे, कारण मला कळत नव्हतं. एक नातेवाईक तर माझ्या पायाला टाचणीने टोचून बघून गेले. "मुलींनी असले खेळ खेळू नयेत" हे मी मराठीत, हिंदीत आणि एकदा इंग्रजीतही ऐकलं. कोणी म्हणालं, त्या सुनीतावर केस करा. ज्या बाईने मला झाकलं तिच्यावर! आणि आई मान डोलवत होती.

एकदा असे चार जण गेल्यावर काकू आईला म्हणाल्या, "ताई, तुमचे पाव्हणे लय बसते वं. माह्याकडे पाहा. आला पाव्हणा का मी म्हणतो, या, बसा, मले टीबी हाय. एकच शब्द. बुड टेकत नाही कोणाचं."

आई हसली नाही. पण पुढे आठवडाभर ती काकूंकडे पाहुणे आले की टक लावून बघत होती.

*

घरी आले तेव्हा पाय तसेच होते. छातीपासून कंबरेपर्यंत पट्ट्यांचं कवच, या वेळी खरं. बाबा मला दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, निविदा सूचनांसकट. मी चालणार की नाही याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. मी दिवसभर त्याबद्दलच विचार करत होते. खाटेवरून दार दिसायचं, नऊ-दहा पावलांवर. ते दार मी जितकं बघितलंय तितकं आयुष्यात काहीच बघितलं नसेल.

आईने स्वतःहून एक काम काढलं. रोज झाडून झालं की खराट्याची काडी तोडायची, माझ्या तळपायावर फिरवायची आणि विचारायचं, "समजते का?"

"नाही."

"बरं." काडी फेकून ती स्वयंपाकाला जायची.

असं एकतीस दिवस. बत्तिसाव्या दिवशी ती काडी फिरवत होती आणि मी म्हणाले, "आई, गुदगुल्या होताहेत."

ती थांबली. माझ्याकडे तिने बघितलं, तसंच बारकाईने, खुर्चीचं प्रात्यक्षिक बघितलं होतं तसं. मग काडी खाली ठेवून तिने बोटाच्या नखाने तळवा जोरात ओरबाडला. मी "आई गं" म्हणून ओरडले.

"खरं?"

"खरं."

ती तशीच माझ्या पायांपाशी, पदर तोंडाला लावून बसून राहिली. भाजी करपली ती आम्ही तशीच खाल्ली.

त्यानंतर अंगठा हलला, मग गुडघा. मग वॉकर घेऊन चार पावलं, बाबांनी मागून कवचाचा पट्टा धरलेला. वॉकर सोडून चालायला मला भीती वाटायची. पडायचं कसं हे शिकायला मी चार वर्षं घालवली आणि आता मी पडायलाच घाबरत होते.

*

पाच महिन्यांनी बॉस आला. हॉस्पिटलात आला नव्हता. हार घेऊन आला आणि सोबत मोबाईल धरायला एक माणूस. मी खुर्चीत बसले होते. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सामानाला बघतात तसं.

"देख, पूरी स्टोरी सोच ली मैंने. तुझे व्हीलचेअर पे लाएँगे. यहीं, बालाघाट में. सुनीता आके तेरा मज़ाक उड़ाएगी. और तू... धीरे-धीरे... उठेगी." उठण्याचा अभिनय त्याने स्वतः करून दाखवला. "पब्लिक रो देगी."

"मला आजार झाला होता," मी म्हणाले. "सुनीताने काही केलं नाही."

"अरे वो तो अपने को मालूम है ना. पब्लिक को क्या? सुनीता ने कमर तोड़ी, तू उठ खड़ी हुई. घरवाले भी तो सबको यही बोल रहे हैं." त्याने आईकडे बघितलं. "क्यों आंटी जी?"

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मला तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. पाच महिने हीच गोष्ट तिने सांगितली होती, बॉसपेक्षा चांगली.

आईने ट्रे स्टुलावर ठेवला. कप त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "कुस्तीनं नाही झालं. टीबी हाय तिले. घ्या, चाय घ्या."

बॉसच्या हातातला कप ओठांपासून चार बोटांवर थांबला. मग तो हळूच परत ट्रेवर आला. मोबाईलवाल्याने मोबाईल खिशात घातला आणि रुमाल काढून नाकाला लावला. मणक्याचा टीबी असा पसरत नाही आणि मला गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले होते, पण हे समजावून सांगण्याइतकी त्या दोघांबद्दल मला आस्था नव्हती.

"पहले बोलना चाहिए था ना," बॉस उठत म्हणाला.

"बसा ना," आई म्हणाली. "काहून उठले? तिचे कपडे-भांडे मी धुतो, मले काही झालं का?"

तो दाराकडे बघत होता. दार लोटलेलं होतं आणि त्याला त्याची कडी धरायची नव्हती. आमच्या घराच्या कडीला हात लावायला तो माणूस घाबरत होता, ज्याने मला ओल्या कपड्यांत स्ट्रेचरवरून उतर म्हटलं होतं.

मी खुर्चीचे हात धरून उठले. वॉकर भिंतीला होता, पलीकडे. तो मागावासा वाटला नाही. एक पाऊल. डावा पाय बघून उचलायचा. दुसरं. कवच काखेत रुतत होतं. दोघं बाजूला सरकले, मला वाट द्यायला नाही, माझ्यापासून. नऊ पावलं. मी कडी ओढली, दार पूर्ण उघडलं आणि धरून उभी राहिले.

बॉस बाहेर पडताना माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "तू तो चल रही है."

मी फक्त रोखून बघितलं.

गाडीचा आवाज गेल्यावर मी दार लावलं. परत नऊ पावलं जमणार नव्हती. दाराला पाठ लावून मी घसरत खाली बसले.

"काय झालं?" आई धावत आली. "नाटक करून राह्यली का?"

"नाही. खरंच संपले पाय."

ती स्टुलाकडे वळली. दोन्ही कप घेऊन आली, एक बॉसने ओठही न लावलेला, आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. मग तिने माझा उजवा पाय मांडीवर ओढला, तळव्यावर नख फिरवलं आणि मी पाय झटकून मागे घेईपर्यंत ते काढलं नाही.